वर्गणीच्या वहीतील स्त्रिया

आपल्याकडील कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारी संगमरवरी पाटीवर कोरलेली जी नावे प्रथम दृष्टीस पडतात, ती बहुधा देणगीच्या रकमेच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. आणि त्यांत एखाद्या स्त्रीचे नाव आढळलेच, तर ते पुष्कळदा कोणा कर्त्या पुत्राने मातेच्या, किंवा कोणा धनिकाने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ कोरवून घेतलेले असते. ही रीत निंद्य आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. नदीला घाट बांधावा, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारावी, आणि ते पुण्य आईच्या नावे जमा करावे, ही आपल्या लोकांची जुनी वहिवाट. इंग्रजी अमदानीत घाटांची जागा शाळांनी व दवाखान्यांनी घेतली, एवढाच काय तो फरक. परंतु पुण्याजवळच्या हिंगण्यास जी संस्था उभी राहिली आणि जिच्यातून पुढे स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ जन्मास आले, तिच्या बाबतीत पाटीवरील नाव व वर्गणीच्या वहीतील नावे यांच्यामध्ये जे अंतर पडले, ते ध्यानात घेतल्यावाचून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास पुरता उमगत नाही.

पाटीवरील नावापासूनच आरंभ करणे सोयीचे. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईचे गिरणीमालक; जगाच्या प्रवासात जपानमधील स्त्रियांचे विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि तशाच विद्यापीठाची कल्पना मनात धरून प्रा. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात जो उद्योग आरंभिला होता, त्याला त्यांनी १९२० साली पंधरा लाख रुपयांचे दान जाहीर केले. साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांच्या रूपाने दिलेल्या या रकमेचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होत असे. ज्या संस्थेचा संसार तोवर रुपया-दोन रुपयांच्या वर्गणीवर रेटला जात होता, तिला हा आकडा केवढा वाटला असेल, याची कल्पना आज करवत नाही. दानाबरोबर ज्या अटी आल्या, त्यांतील मुख्य अट अशी की विद्यापीठाला दात्याच्या मातेचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यावे. ते दिले गेले, आणि आज शंभर वर्षांहून अधिक काळ हजारो मुलींच्या पदवीपत्रांवर ते नाव उमटत आले आहे. नाथीबाईंविषयी सामान्य वाचकाला याहून अधिक काही ठाऊक नसते, आणि त्यात त्या बाईंचा काहीच दोष नाही. पुत्राने मातृऋण फेडले. मातेच्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही.

त्याच घराण्यातील दुसरी स्त्री मात्र केवळ नावापुरती राहिली नाही. विठ्ठलदास १९२२ साली अकाली निवर्तले, आणि त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला यांनी उरलेले दीर्घ आयुष्य स्त्रियांच्या शिक्षणासाठी व सार्वजनिक कार्यासाठी वेचले. येरवड्याजवळच्या त्यांच्या 'पर्णकुटी' या बंगल्यात १९३३ साली गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, म्हणून ती वास्तू लोकांच्या स्मरणात राहिली. पण विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाल्यावर त्याच्या पहिल्या कुलगुरुपदावर ज्या बसल्या, त्या याच प्रेमलीलाबाई, ही गोष्ट तितकीशी स्मरली जात नाही. श्रीमंताच्या विधवेने नुसते अध्यक्षस्थान भूषवावे, हारतुरे घ्यावे आणि घरी जावे, असा जो एक समज आपल्या समाजात रूढ आहे, त्याला या बाईंनी आपल्या वागण्याने उत्तर दिले.

परंतु १९२० चे दान आले ते चोवीस वर्षांच्या खटाटोपानंतर, आणि त्या चोवीस वर्षांचा जमाखर्च पाहावयाचा तर हिंगण्याची वाट धरावी लागते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला तो पुण्यात, सदाशिव पेठेतील एका वाड्यात. लवकरच प्लेगने शहर ओस पाडले, आणि रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिल्यामुळे १९०० साली आश्रमाचा मुक्काम गावाबाहेर हलला. आज जेथे कर्वेनगरच्या इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत, तेथे त्या काळी माळरान होते. पावसाळ्यात चिखल, रात्री अंधार, आणि महाविद्यालयातील तासिका आटोपून रोज सुमारे चार मैल चालत जाणारे अण्णा, म्हणजे कर्वे. हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी इतके परिचित करून ठेवले आहे की त्या झोपडीत आत कोण होते, ज्यांच्यासाठी ही पायपीट चालली होती त्या मुली व बायका दिवसभर काय करीत होत्या, हा प्रश्न विचारण्याचे आपण विसरून गेलो. आत स्वयंपाक होता, दळण होते, आजारपण होते, माहेरून आलेली रागाची पत्रे होती, केशवपन झालेल्या पोरसवदा मुलींना अक्षरे गिरवायला लावणे होते. आणि हे सर्व सांभाळणाऱ्या वेणूबाई नामजोशी, वारूबाई शेवडे यांच्यासारख्या स्त्रिया होत्या, ज्यांची नावे संस्थेच्या इतिहासात आहेत, पण त्या इतिहासाबाहेर फारशी कोठे आढळत नाहीत.

त्या सर्वांच्या आधी, आणि एका अर्थाने त्या सर्वांहून दूर, उभ्या होत्या खुद्द कर्व्यांच्या पत्नी. देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशांची ही कन्या, माहेरची गोदूबाई, बालपणीच विधवा झाली आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत उघडलेल्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी ठरली. तेथे चार वर्षे शिकल्यावर ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. लग्नानंतर आनंदीबाई आणि घरीदारी 'बाया' या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाईंना कर्व्यांच्या मुरूड गावच्या लोकांचा बहिष्कार सोसावा लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी बोलले जाते ते असे की, ज्या आश्रमाच्या पायी घरच्या पैशाला ओढ लागली, त्या आश्रमातही बायांचे स्थान अवघडच होते. विधवांना आश्रमात पाठविणारे आईबाप सनातनी; आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचे दुकान अशी शंका त्यांना आली असती तर संस्था एका वर्षात बसली असती, म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाची चळवळ व आश्रम यांची फारकत कसोशीने सांभाळली, आणि त्या फारकतीचा भार पुनर्विवाहित पत्नीच्या वाट्याला आला.

कर्व्यांचे धोरण व्यवहारी होते, त्यावाचून संस्था टिकली नसती, हे मान्य करूनही हा हिशेब एकतर्फी झाला असे मला वाटते. अण्णांचा त्याग सभासंमेलनांत गाइला गेला. घरातली चणचण सोसून, मुलांचे आजारपण काढून, नवऱ्याने विम्याची रक्कमही आश्रमाला देऊन टाकली तेव्हा तक्रार करीत का होईना, पण संसार चालू ठेवणाऱ्या बायांचा त्याग तिखटमिठाच्या डब्यांतच राहिला. 'माझे पुराण' या त्यांच्या आत्मकथनात तो निदान कागदावर तरी उतरला आहे. १९४४ साली हे पुस्तक सून कावेरीबाई कर्वे यांनी सिद्ध करून छापले, आणि त्यात नवऱ्याविषयीचा आदर व नवऱ्यावरचा राग असे शेजारी शेजारी नांदतात की मराठी आत्मचरित्रांत तशा प्रांजळपणाला तोड क्वचितच सापडावी. कर्व्यांच्या गौरवग्रंथांपेक्षा मला ते पुस्तक संस्थेच्या इतिहासाचे अधिक विश्वासार्ह साधन वाटते.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र याहूनही चमत्कारिक आहे. जन्म १८७०, माहेर तेच देवरुख. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. अक्षरओळख नसल्यासारखीच. बहिणीने पुनर्विवाह केला म्हणून घराण्यावर जी आपत्ती ओढवली ती जवळून पाहिलेली ही बाई पुण्यास येऊन शिकली, आश्रमात शिक्षिका व पुढे व्यवस्थापिका झाली, आणि यथावकाश संस्थेसाठी वर्गणी गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले. त्या काळी एका ब्राह्मण विधवेने, डोक्यावर पदर घेऊन, परगावी अनोळखी माणसांच्या ओसरीवर पैसे मागण्यासाठी उभे राहणे, ही गोष्ट किती अवघड होती ते आज सांगून समजावयाचे नाही. तथापि पार्वतीबाईंच्या बाबतीत एक विलक्षण योग असा होता की त्या स्वतः पुनर्विवाहाच्या वाटेला गेल्या नव्हत्या, आणि दीर्घकाळ त्यांनी रूढीप्रमाणे केशवपनही पाळले. त्यामुळे जे सनातनी गृहस्थ कर्व्यांचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालीत, त्यांच्या घरातील बायका पार्वतीबाईंना माजघरात बोलावून घेत. १९१२ साली त्यांनी विचारपूर्वक केशवपन सोडले. ज्या स्त्रीची सारी सार्वजनिक पत तिच्या सोवळेपणावर उभी होती तिने ते आपल्या हाताने टाकून द्यावे, यामागे केवढा मनोनिग्रह असेल! जहाल सुधारकांनी त्यात विशेष काही पाहिले नाही, आणि सनातन्यांनी फार पाहिले.

याहून धाडसाची गोष्ट पुढे घडली. इंग्रजी येत नाही म्हणून संस्थेच्या कामात पावलोपावली अडते, हे ध्यानात आल्यावर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, पार्वतीबाई अमेरिकेस गेल्या. हेतू दोन, भाषा शिकणे व विद्यापीठासाठी निधी मिळविणे. हाताशी पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत, शाकाहाराचे व्रत सुटत नाही, आणि तोंडात इंग्रजीची तुटपुंजी शब्दसंपत्ती. त्यांनी परक्या घरांत मोलकरणीचे काम पत्करले, भांडी घासली, झाडलोट केली, आणि त्या कामाचे वर्णन पुढे कोठेही लाज न बाळगता लिहिले. १९२० साली त्या परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जस्टिन अॅबट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये आला. ज्या वर्षी ठाकरसींचे पंधरा लाख आले, त्याच वर्षी ही बाई अमेरिकेहून भांडी घासून व व्याख्याने देऊन गोळा केलेली आपली रक्कम घेऊन आली, हा काळाचा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. दोन्ही रकमांची तुलना करणे अर्थात हास्यास्पद ठरेल. पण पंधरा लाखांचा दाता ज्या संस्थेकडे वळला, तिच्यावर चोवीस वर्षे लोकांचा विश्वास टिकून राहिला होता, आणि तो विश्वास ओसरी-ओसरीवर जाऊन ज्यांनी मिळविला, त्यांत पार्वतीबाईंचा वाटा मोठा होता.

विद्यापीठाची कहाणी १९१६ नंतर वेगाने पुढे सरकते, आणि तीत बारकाव्याने शिरण्याचे प्रयोजन नाही. आरंभी महाविद्यालयात जेमतेम पाच विद्यार्थिनी. मातृभाषेतून शिक्षण, गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान, आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीपुढे या पदवीला बाजारात किंमत काय, असा सुशिक्षितांचा कुत्सित सवाल. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. कुचेष्टा करणारे थांबले नाहीत, पण पालक येऊ लागले. पुढे कर्व्यांच्या दुसऱ्या सूनबाई, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, यांनी १९३१ ते १९३६ या काळात विद्यापीठाच्या निबंधकपदाचे काम पाहिले. एकाच घरातील सासू, सासूची बहीण आणि दोन सुना अशा चार स्त्रियांचे हात या एका कार्याला लागले, आणि त्यांतील इरावतीबाई सोडल्यास एकीचेही नाव शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी सहजासहजी येत नाही. इरावतीबाईंचे येते तेही 'युगान्त' लिहिल्यामुळे.

पुणे हे सुशिक्षितांचे शहर, म्हणून येथील स्त्रियांनी निदान आपापल्या कहाण्या लिहून ठेवल्या. साताऱ्यास तेही झाले नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. गांधीजींनी १९२७ साली त्याला भेट दिली व त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. ज्या जातीच्या मुलाची सावलीही अंगावर पडू नये असे ज्या काळात मानीत, त्या काळात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा मुलांना एका पंक्तीत बसवून त्यांच्यासाठी भाकरी थापण्याचे काम करणाऱ्या लक्ष्मीबाई भाऊरावांच्या पत्नी. कर्मठ जैन घरात वाढलेल्या या बाईंना सोवळेओवळे बाजूला ठेवण्यासाठी मनाशी किती झगडावे लागले असेल, याचा तपशील त्यांनी कोठे लिहून ठेवला नाही, कारण लिहिण्याची सवड व सवय दोन्ही त्यांना नव्हती. एकेक दागिना मोडून धान्य आणले गेले. आणि भाऊराव परगावी असताना वसतिगृहात दाणा उरला नाही तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात आजही घरोघर सांगितली जाते. सौभाग्यचिन्हाला त्या पिढीच्या स्त्रीच्या लेखी जो अर्थ होता तो ध्यानात घेता या दानाला रकमेच्या मापाने मोजणे व्यर्थ होय. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचे पहिले महाविद्यालय, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय, १९४७ साली निघाले ते त्यांना पाहावयास मिळाले नाही. पुढे सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला संस्थेने त्यांचे नाव दिले. ज्या स्त्रीने स्वतःच्या हाताने विद्यार्थ्यांना जेवू घातले तिचेच नाव महाविद्यालयाच्या पाटीवर यावे, असे आपल्याकडे विरळाच घडते.

सन्मान करावयाचा तो कसा, हा प्रश्न आता संस्थांपुढे नव्याने उभा राहिला आहे. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि शंभराव्या वर्षी, हयातीतच, त्यांचे चित्र टपाल तिकिटावर आले. बाया त्यापूर्वी आठ वर्षे, १९५० साली, गेल्या होत्या. हिंगण्याची संस्था आज समाजकार्य करणाऱ्या स्त्रियांना 'बाया कर्वे पुरस्कार' देते. अनेक महाविद्यालये महिलादिनी गावातील चारदोन कर्तृत्ववान स्त्रियांना शाल-श्रीफळ देतात, छायाचित्रे निघतात, वृत्तपत्रांत मजकूर येतो. हे व्हावे, न होण्यापेक्षा बरे. परंतु अशा समारंभांत निवड कोणाची होते हे पाहिले, तर पुष्कळदा निवडसमितीची नजर अधिकारपद मिळविलेल्या, परीक्षेत पहिल्या आलेल्या, व्यवसायात यश मिळविलेल्या स्त्रीवर खिळते. वसतिगृहाच्या भटारखान्यात तीस वर्षे राबलेली बाई, फी भरायला पैसे नसलेल्या मुलीला हळूच पाच-पन्नास रुपये देणारी शिक्षिका, पतपेढीच्या ऐवजी मुलींच्या भिशीतून पुस्तके आणणारी गृहिणी या यादीत सहसा येत नाहीत, कारण त्यांच्या कार्याचा अहवाल कोणी लिहून समितीपुढे ठेवीत नाही.

संस्थांच्या शताब्द्या आता एकामागून एक येत आहेत, आणि प्रत्येक शताब्दीला एक जाड स्मरणिका निघते. तीत संस्थापकांची छायाचित्रे, मंत्र्यांचे शुभसंदेश व जाहिराती असतात. जुन्या संस्थांच्या दप्तरांत, जेथे वाळवी पोहोचली नसेल तेथे, पहिल्या पंचवीस वर्षांचे वार्षिक अहवाल व वर्गणीच्या वह्या अद्याप सापडतात. रुपया, आठ आणे, एक पायली तांदूळ, जुनी लुगडी, अशा नोंदींसमोर बायकांची नावे लिहिलेली असतात, काही नुसती 'एक भगिनी' म्हणून. त्या याद्या जशाच्या तशा, गावाच्या नावांसकट, स्मरणिकेत छापाव्यात, अशी माझी सूचना आहे. खर्च फारसा नाही. दप्तर उघडणारा एक चिकाटीचा कारकून आणि महिनाभराचे काम, आणि शुभसंदेशांची पाने थोडी कमी केली तर जागाही होईल.